बावन्न अध्याय आणि एक चिप

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघून वाशिम जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ नावाचे खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले. त्यात ३२ मेगाबाइटची मेमरी होती, म्हणजे जेमतेम आठ गाण्यांची सोय. फीत नाही, तबकडी नाही, आत फिरणारे असे काहीच नाही. वर्ष सरता सरता अमेरिकेत डायमंड कंपनीचा ‘रिओ’ आला, ध्वनिमुद्रण कंपन्या कोर्टात गेल्या, आणि जून १९९९ मध्ये निकाल यंत्राच्या बाजूने लागून एमपीथ्री प्लेअरचा धंदा मोकळा झाला. वाशिमला यातले काही कळले नाही, कळायचे कारणही नव्हते. तिथे तेव्हा टेप होता.

टेपमध्ये लपवण्यासारखे काही नव्हते. झाकण उघडले की मोटर दिसे, रबरी पट्टा दिसे, फितीला रेटणारे रबराचे चाक आणि चकाकणारे हेड दिसे. आवाज बसला की स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस हेडवरून फिरवायचा. आवाज बोबडा आला की हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू कानाने अंदाज घेत फिरवायचा. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजातली भीमगीते आणि विठ्ठलाची गाणी वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत पोहोचली ती याच यंत्रातून. हे यंत्र दुरुस्त करणारा गावोगाव एक तरी होता. तो काही शिकलेला नसे, पण यंत्राचा कुठलाही भाग त्याच्या नजरेआड नव्हता.

एमपीथ्री प्लेअरने ही सोय काढून घेतली. त्याचे झाकण उघडले तर नखाएवढी एक-दोन काळी चिप आणि बॅटरी. गाणे वाजते ते त्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्रॅममुळे, म्हणजे फर्मवेअरमुळे. ते बिघडले तर स्पिरिटचा बोळा कुठे फिरवणार?

हे फर्मवेअर नेमके काय करते ते एकदा जवळून पाहायला हवे, कारण पुढची सगळी हकिगत त्यावरच उभी आहे. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला प्रत्येक कानासाठी आवाजाचे ४४,१०० नमुने लागतात. एमपीथ्रीच्या फाइलीत ते दाबून भरलेले असतात, एकेका चौकटीत १,१५२ नमुने. भागाकार केला तर एक चौकट साधारण २६ मिलिसेकंद वाजते. म्हणजे पहिली चौकट कानात वाजत असतानाच, तेवढ्या वेळात, पुढची चौकट कार्डावरून वाचून, उलगडून, तयार ठेवावी लागते. एकदा उशीर झाला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ऐकणाऱ्याचा मूड जातो. त्याच अवधीत बटण दाबले गेले का हेही बघायचे असते. त्यातही मेख अशी की बटण एकदा दाबले तरी आतला पत्रा काही मिलिसेकंद थरथरतो आणि चिपला ते पाच-सहा वेळा दाबल्यासारखे वाटते. बटणाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तेवढा वेळ दम धरायला शिकवले नसेल, तर एका दाबात तीन गाणी पुढे जातात. स्वस्त प्लेअर वापरलेल्या प्रत्येकाने हा अनुभव घेतला आहे आणि दोष बटणाला दिला आहे.

या अदृश्य कामाचा एक मोठा अध्याय आपल्याच शेजारी लिहिला गेला. शेजारी म्हणजे हैदराबादला. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत निजामाचे होते, आणि पुढेही वाशिमची रेल्वे दक्षिणेकडे पूर्णा, नांदेड करत हैदराबादलाच जात राहिली. मीटरगेजच्या काळातली मीनाक्षी एक्स्प्रेस जुन्या लोकांना अजून आठवते. त्या हैदराबादेत पोर्टलप्लेअर नावाच्या अमेरिकन कंपनीची शाखा होती. ही कंपनी १९९९ मध्ये निघाली, मुख्यालय कॅलिफोर्नियात. तिचा माल म्हणजे गाणे वाजवणारी चिप आणि त्या चिपवरचे फर्मवेअर, असा जोडीने. ज्या कंपनीला प्लेअर काढायचा असेल तिने ही जोडी घ्यावी, वर आपले कवच चढवावे आणि विकावे.

२००१ च्या सुरुवातीला तिच्याकडे ॲपल आली. टोनी फॅडेल नावाचा इंजिनिअर ॲपलसाठी प्लेअरचा शोध घेत होता आणि त्याला सगळ्यात पुढे गेलेले काम इथे दिसले. पुढे प्रसिद्ध झालेल्या हकिगतीनुसार, कंपनीने बाकीची गिऱ्हाइके बाजूला ठेवली आणि अमेरिकेतले सुमारे २०० कर्मचारी आणि हिंदुस्थानातले सुमारे ८० इंजिनिअर आठ महिने याच एका यंत्रावर राबले. कॅलिफोर्नियात रात्र झाली की हैदराबादेत दिवस उजाडे. त्यामुळे संध्याकाळी तिकडे सापडलेली चूक सकाळपर्यंत इकडे दुरुस्त होऊन जाई. हिंदुस्थानातल्या संगणक व्यवसायाच्या गप्पांमध्ये ही दिवस-रात्रीची पाळी नेहमी स्वस्त मजुरीची गोष्ट म्हणून सांगतात. इथे ती त्याहून जास्त काही होती. चिपच्या पोटातले, हार्डवेअरला थेट हात घालणारे काम हैदराबादेत चालले होते, आणि त्या काळात अशी कामे आपल्याकडे फार येत नसत.

या यंत्राचा खरा प्रश्न आवाजाचा नव्हता, विजेचा होता. सुरुवातीच्या नमुन्यांची बॅटरी यंत्र बंद असतानाही तीनेक तासांत उतरत होती. त्यात आवाज साठवायला ५ गिगाबाइटची, १.८ इंची तोशिबाची हार्ड डिस्क. डिस्क फिरत राहिली की वीज पिते, आणि धावताना हिसका बसला की अडखळते. यावर तोड अशी निघाली: यंत्रात ३२ मेगाबाइटची मेमरी ठेवायची, डिस्क काही सेकंद फिरवून पुढची वीसेक मिनिटांची गाणी मेमरीत ओढून घ्यायची आणि डिस्क झोपवून टाकायची. गाणे चालू आणि डिस्क बंद. ऐकायला सोपे वाटते, पण डिस्क केव्हा उठवायची, किती ओढायचे, मधेच माणसाने पुढचे गाणे मागितले तर काय, हा सगळा हिशेब फर्मवेअरचा. चिपमध्ये ९० मेगाहर्ट्‌झचे दोन प्रोसेसर होते, त्यांच्यात काम वाटून द्यायचे होते. पडद्यावरची मेन्यूची बाजू पिक्सो नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिली. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला. किंमत ३९९ डॉलर आणि दहा तासांची बॅटरी.

नंतरच्या आयपॉडच्या पाठीवर आराखडा कॅलिफोर्नियाचा आणि जुळणी चीनची असे कोरलेले असे. हैदराबादला त्या पाठीवर जागा नव्हती. आणि चिप बनवणाऱ्याचे नशीबही एकाच गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टांगलेले होते. २००६ मध्ये ॲपलने नव्या नॅनोसाठी सॅमसंगची चिप घेतली आणि पोर्टलप्लेअरचे शेअर कोसळले. वर्ष संपता संपता एनव्हिडियाने कंपनी विकत घेण्याचा सौदा केला, आणि जानेवारी २००७ मध्ये तो पुरा झाला. ज्या कंपनीच्या चिपवर करोडो लोकांनी गाणी ऐकली तिचे नाव आज बहुतेकांना सांगावे लागते.

आता स्वीडनला जायला हवे. वाशिमशी त्याचा काही संबंध नाही, पण ही गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीचा ‘ज्यूकबॉक्स’ नावाचा जाडजूड प्लेअर होता. डिस्क ६ गिगाबाइटची, प्रोसेसर हिताचीचा, वेग १२ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे गाणे उलगडायलाही अपुरा. ते काम शेजारची वेगळी चिप करायची. मेमरी २ मेगाबाइट. यंत्र दणकट, फर्मवेअर मात्र रडके. २००१ च्या अखेरीस ब्यॉर्न स्टेनबर्ग, डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनस निल्सन फेल्टसिंग या तिघा स्वीडिश प्रोग्रॅमरांनी ठरवले की हे फर्मवेअर आपणच लिहू. कंपनीने एकही कागद दिला नव्हता. पण एक फट सापडली. यंत्र सुरू होताना डिस्कवर एक ठराविक नावाची फाइल शोधते, आणि सापडली तर चिपमधला प्रोग्रॅम सोडून तीच चालवते. फाइल जरा घोळसून ठेवलेली होती, पण तो घोळ सोडवणे त्यांना जड गेले नाही. मग चाचपडत, एकेका वायरीवर मोजमाप घेत, पडदा कसा लिहायचा, बटणे कशी वाचायची, डिस्क कशी झोपवायची, हे सगळे त्यांनी नव्याने लिहिले. नाव दिले रॉकबॉक्स. पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. पुढे ते कितीतरी कंपन्यांच्या प्लेअरवर चढले, आयपॉडवरसुद्धा. म्हणजे हैदराबादेत ज्या चिपसाठी एकदा फर्मवेअर लिहिले गेले होते, तिच्यासाठी हे हौशी लोक, हैदराबादचा एकही कागद न बघता, दुसऱ्यांदा फर्मवेअर लिहीत होते.

या मंडळींच्या चिकाटीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००५ च्या सुमारास आयपॉडवर लिनक्स चालवू पाहणाऱ्या गटाला नव्या आयपॉडच्या आत दडलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम हवा होता, आणि तो बाहेर काढायला वाट नव्हती. एका जर्मन विद्यार्थ्याने ओळखले की आयपॉडमध्ये चाक फिरवताना ‘टिकटिक’ करणारी एक चकती आहे, आणि ती आपण वाजवू शकतो. त्याने आतला प्रोग्रॅम एकेका बिटने त्या चकतीतून वाजवून घेतला, आवाज आत येऊ नये म्हणून खोके तयार केले, मायक्रोफोन लावून तासन्‌तास ती टिकटिक नोंदवली आणि नोंदीवरून प्रोग्रॅम परत जुळवला. गाणे वाजवणाऱ्या यंत्राने स्वतःची कुंडलीच वाजवून दाखवली, म्हणायला हरकत नाही.

रॉकबॉक्सने आणखी एक काम केले ज्याचा बोभाटा फारसा झाला नाही. मेन्यू आणि फाइलींची नावे ते बोलून दाखवी. पडदा न दिसणाऱ्या अंध लोकांना खिशातला प्लेअर कुणाच्या मदतीशिवाय वापरता आला. मोठ्या कंपन्यांना हे सुचायला बरीच वर्षे गेली. आणि हे सगळे काम उघड्यावर असल्याने प्लेअरच्या पोटात काय चालते याची लेखी, तपशीलवार नोंद आज उपलब्ध आहे ती मुख्यतः या हौशी लोकांची. पगारी इंजिनिअरांची नोंद कंपन्यांच्या तिजोऱ्यांत गेली.

वाशिमला मात्र ना आयपॉड आला, ना रॉकबॉक्स. एखाद्याच्या पुण्या-अमेरिकेतल्या भाच्याने आणला असेल तेवढाच. वाशिमला जे आले ते चीनच्या झुहाई शहरातून आले. तिथे ॲक्शन्स सेमीकंडक्टर नावाची कंपनी होती. तिच्या चिपवर बनलेले पेनड्राइव्हच्या आकाराचे प्लेअर, एक पेन्सिल सेल, दोन बोटांचा पडदा, २००५ नंतर जगभर आणि आपल्याकडच्या आठवडी बाजारातही दिसू लागले. त्यांना कंपनीचे नाव नसे, किंवा असले तर सोनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेले असे. आतला मुख्य प्रोसेसर झेड-८० च्या जातीचा. हा मूळचा १९७६ चा, आणि आपल्या पॉलिटेक्निकांत वर्षानुवर्षे जो ८०८५ शिकवला जाई त्याचा चुलतभाऊ. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन आकड्यांची बेरीज लिहिणाऱ्या डिप्लोमाच्या पोराच्या खिशात त्याच घराण्याची चिप गाणी वाजवत होती आणि त्याला कुणी ते सांगितले नव्हते. मला हे आपल्या तंत्रशिक्षणाचे फार नेमके चित्र वाटते.

झुहाईच्या या चिपवरून टेक्सासच्या सिग्माटेल कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेत दावा लावला. आमच्या पेटंटची चोरी झाली, असे तिचे म्हणणे. वीज वाचवण्याची तंत्रे हा त्यातला मोठा मुद्दा होता. २००६ मध्ये निकाल सिग्माटेलच्या बाजूने गेला, २००७ मध्ये दोघांनी तडजोड केली. तोवर माल जगभर पोहोचून चुकला होता. सेल वाचवण्याच्या ज्या युक्तीवर अमेरिकेत वकील भांडत होते, तिचा फायदा बारा-बारा तास लोडशेडिंग सोसणाऱ्या वऱ्हाडात रोज घेतला जात होता.

या प्लेअरांत फसवणूकही भरपूर होती आणि तीही फर्मवेअरचीच. मेमरी किती आहे हे संगणकाला सांगायचे काम चिपचे. तिला खोटे बोलायला शिकवले की ५१२ मेगाबाइटचा प्लेअर ‘८ जीबी’ म्हणून उभा राही. गाणी भरताना सगळे व्यवस्थित, वाजवायला गेले की बहुतेक गायब. ग्राहक दुकानदाराशी भांडे, दुकानदार अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याचे नाव सांगे, आणि खोटे बोलणारा प्रोग्रॅम लिहिणारा झुहाईत नाहीतर शेनझेनमध्ये निवांत असे.

देवनागरीचे हाल वेगळेच. प्लेअरच्या मेन्यूत भाषांची लांबलचक यादी असे, पण त्यात मराठी क्वचितच. गाण्याचे नाव मराठीत ठेवले तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे, नाहीतर इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांचा काला. ज्या थोड्या प्लेअरांत देवनागरीचा फाँट होता त्यांतही गोंधळच. संगणकात ‘वि’ साठवताना आधी ‘व’ येतो आणि मग वेलांटी, पण लिहिताना वेलांटी डावीकडे काढावी लागते. स्वस्त फर्मवेअर आलेले अक्षर क्रमाने काढत जाते, त्यामुळे विठ्ठलाची वेलांटी ठ्ठच्या डोक्यावर जाऊन बसे आणि जोडाक्षर पाय मोडून वेगळे पडे. यातला विरोधाभास असा की हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच सुटला होता. मोहन तांबे यांनी आधी आयआयटी कानपूरला आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ नावाचे तंत्र उभे केले. संगणकात बसवायचे एक कार्डच होते ते, आणि भारतीय लिप्यांची जुळणी ते हार्डवेअरमध्ये करून देई. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे प्रमाण १९९१ मध्ये सरकारी मानक झाले, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतली. अक्षरांचे क्रमांक आपल्याकडून जगभर गेले, ती जुळवायची रीत मात्र झुहाईच्या चिपपर्यंत पोहोचली नाही. एवढ्या स्वस्त चिपमध्ये त्यासाठी जागा कोण ठेवणार?

यानंतर आले मेमरी कार्ड, ‘चायना मोबाइल’ आणि यूएसबीचे स्पीकर-खोके. चायना मोबाइलमध्ये बहुधा तैवानच्या मीडियाटेकची चिप, मागे ढणाणा वाजणारे स्पीकर, दोन सिम. डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेले फोन बंद पाडले गेले तरी त्यांतले कितीतरी नुसते गाणी ऐकायला शेतावर चालू राहिले. खोका त्याहून सोपा: एफएम, पेनड्राइव्हची खाच, कार्डाची खाच, आणि मागच्या झाकणात नोकियाची बीएल-५सी मापाची बॅटरी. ही बॅटरी निवडणाऱ्याला मानले पाहिजे. २००७ मध्ये नोकियाने याच बॅटरीच्या काही लाख नव्हे, साडेचार कोटींहून अधिक नगांबद्दल जगाला सावध केले होते, पण मोबाइलच्या प्रत्येक टपरीत ती मिळे आणि जुन्या फोनमधली काढून खोक्यात घालता येई. निंदायला गेलेल्या बायांच्या शेतात धुऱ्यावर असा खोका लटकलेला असणे पुढे इतके नेहमीचे झाले की त्याची नोंद घ्यावी असे कुणाला वाटले नाही.

आणि मग स्टँडजवळच्या, बाजारपेठेतल्या टपऱ्यांवर पाट्या लागल्या: गाणी भरून मिळतील. एक जुना संगणक, एक कार्ड रीडर, हार्ड डिस्कवर फोल्डर लावून ठेवलेले. भीमगीते, बंजारा गीते, कव्वाली, हरिपाठ, लग्नाची डीजेची गाणी, जुनी हिंदी. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून मिळे. हा सगळा व्यवहार हक्क-परवान्यांच्या बाहेरचा होता हे खरेच, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण इथे मला त्या धंद्यातली कायद्याची नव्हे, तंत्राची बाजू महत्त्वाची वाटते, कारण कार्ड भरणारा माणूस नकळत त्या अदृश्य फर्मवेअरचा अभ्यासक झाला.

कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तिथे आणि आसपास गुरुचरित्राचे पारायण घरोघर. बावन्न अध्यायांचे ध्वनिमुद्रण कार्डात भरून मागणारी माणसे येत. कार्ड भरून दिले, घरी गेले, खोका लावला, तर पहिल्या अध्यायानंतर दहावा, मग अकरावा, बारावा, आणि दुसरा पार विसाव्याच्या आधी. असे का, तर त्या खोक्याचे फर्मवेअर फाइलींची नावे अक्षरावरून लावत होते, आणि अक्षराच्या हिशेबात ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येते. उपाय सापडला: नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक. ठीक. पण दुसऱ्या बनावटीचा खोका आला आणि हा उपायही फसला. हा खोका नावाकडे बघतच नव्हता. कार्डावर फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवत होता.

याचे कारण कार्डाच्या रचनेत आहे. कार्डावर फॅट नावाची १९७७ पासून चालत आलेली मांडणी असते. फोल्डर म्हणजे एक यादी, प्रत्येक नोंद ३२ बाइटची, आणि नवी नोंद मिळेल त्या पहिल्या मोकळ्या जागेत. आपला संगणक ती यादी नावाने लावून दाखवतो, म्हणून आपल्याला ती क्रमवार वाटते. लावायला मेमरी लागते आणि स्वस्त चिपमध्ये मेमरी किलोबाइटांत मोजायची. झुहाईतल्या प्रोग्रॅमरने लावण्याचे काम गाळले आणि यादी आहे तशी वाचून टाकली. त्याच्या दृष्टीने काही पैशांची बचत. इकडे पारायणाचा क्रम मोडला, आणि गुरुचरित्राच्या पारायणात क्रम मोडणे ही साधी बाब नाही.

कार्ड भरणाऱ्यांनी यातून मार्ग काढला तो असा. सगळ्या फाइली एकदम निवडून ओढताना जी फाइल धरून ओढली ती आधी जाते, बाकीच्या मागोमाग. म्हणून नेहमी पहिला अध्याय धरून ओढायचा. शंका असेल तर एकेक अध्याय हाताने टाकायचा, बावन्न वेळा. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे मधला एखादा अध्याय खराब निघाला म्हणून पुसून नवा टाकला तर तो बहुधा बरोबर त्याच जागी बसतो, पण दोन वेगवेगळी गाणी पुसून तिसरेच टाकले की ते भलत्या ठिकाणी उगवते. फॅटमध्ये पुसलेल्या नोंदीचे फक्त पहिले बाइट बदलतात आणि ती जागा मोकळी समजतात, म्हणून असे होते. टपरीवाल्याला बाइट माहीत नव्हते. पण ‘आधी फॉरमॅट मार, मग पयल्यापासून भर’ हा नियम त्याने अनुभवाने पक्का केला होता, आणि तो तंतोतंत बरोबर होता. स्वीडनमधल्या तिघांनी वायरीवर मोजमाप घेऊन जे केले तेच याने गिऱ्हाइकाच्या तक्रारींवरून केले. आतला प्रोग्रॅम न बघता, त्याच्या वागण्यावरून त्याचे नियम ओळखले.

आणखी एक खोड. कितीतरी खोके बंद केले की कुठवर ऐकले ते विसरत. ही नोंद ठेवायची तर दर वेळी मेमरीत लिहावे लागते, ते काम फर्मवेअरने टाळलेले. त्यामुळे बॅटरी बसली, पुन्हा लावले, की पुन्हा पहिलेच गाणे. कार्डातले पहिले गाणे जिल्ह्यात सगळ्यात जास्त ऐकले गेले असणार. ही गोष्ट चलाख कार्डवाल्यांनी हेरली आणि पहिल्या जागेवर बाप्पाची आरती किंवा बाबासाहेबांचे वंदनगीत टाकायचे ठरवले. म्हणजे पुन्हा पुन्हा लागले तरी कुणी कुरकुर करणार नाही.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या तीर्थस्थानी, रामनवमीच्या यात्रेत दूरदूरची माणसे येतात. यात्रेत कॅसेटचे ढीग असत, त्यांची जागा सीडीने आणि मग भरलेल्या कार्डांनी आणि पेनड्राइव्हांनी घेतली. सेवालाल महाराजांची भजने आणि लेंगी गीते असलेले कार्ड तिथून तेलंगणात, कर्नाटकात गेले. कुठल्याही मोठ्या संगीत कंपनीच्या यादीत नसलेले हे संगीत झुहाईच्या चिपवर सीमा ओलांडत होते. बंजारांच्या गोरबोलीचा पडदा कोणत्याच फर्मवेअरमध्ये नव्हता, म्हणून ‘००१’, ‘००२’ अशीच नावे, आणि ती चालली.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले आणि वर्षभरात ही बाजारपेठ ओसरली. एमपीथ्रीचे परवाने २०१७ मध्ये संपुष्टात आले, त्याच वर्षी सारेगामाने ५,००० जुनी गाणी आत भरूनच विकायचा ‘कारवाँ’ हा प्लेअर आणला आणि पुढे त्याची मराठी आवृत्तीही काढली. त्याला डाउनलोड नको, कार्ड भरणारा नको. ॲपलने शेवटचा आयपॉड बंद केल्याचे १० मे २०२२ रोजी सांगितले. ब्लूटूथचे खोके मात्र अजून येतात. चालू केले की आतून एक बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ म्हणून ओरडते, आणि कार्डाची खाच बहुतेकांना अजून असते. मंदिरात, आजी-आजोबांच्या खोलीत ती वापरातही आहे.

गाणी भरून देणाऱ्या टपऱ्यांवरच्या संगणकांना २०१७ मध्ये कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज मिळाले, मग पीकविमा, मग ई-केवायसी. तिथेही सर्व्हर रात्री दोननंतर चालतो, आडनाव आधी टाकले तर अर्ज अडकतो, फोटो अमुक किलोबाइटच्या वर गेला तर नाकारला जातो, असले नियम कुणी छापून दिले नव्हते. ते शोधायची सवय त्या हातांना आधीपासून होती.